केळ्याची साल आणि मोरचुदाचं पाणी

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीतून बोलतोय. रबाळ्याला एका प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) युनिटमध्ये बरीच वर्षं ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर काढली, म्हणजे तुम्ही जो चकचकीत नळ बघता ना, त्याच्यामागचं पाणी मी बघायचो. परवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'पाण्यात केळ्याची साल टाका, शिसं गायब'. म्हटलं करूनच बघू.

वीसेक केळ्यांच्या साली उन्हात कडकडीत वाळवल्या, मिक्सरला लावल्या (त्यावरून घरात जे झालं ते जाऊ द्या) आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्यात टाकल्या, शिशाऐवजी तांबं, कारण त्याचा रंग डोळ्यांना दिसतो. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ, विषारी असतं, त्यामुळे भांडी वेगळी. पहिल्यांदा पाणी चहासारखं झालं! सालीचाच रंग उतरला ना. मग भुकटी गरम पाण्यात तीनदा धुतली, परत वाळवली, परत टाकली, आणि दुसऱ्या दिवशी निळा रंग खरंच फिका पडला होता.

होतं काय, की सालीत पेक्टिन असतं, जॅम घट्ट करतं तेच, त्याच्यावर ऋण भार असतो आणि तांबं, शिसं, कॅडमियम यांचे आयन धन भाराचे, ते येऊन चिकटतात. भाताचं तूस, संत्र्याची साल, चहाचा चोथा, लाकडाचा भुसा, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने हेच. पण पाणी ॲसिडिक असेल तर काम बिघडतं, कारण त्या जागा हायड्रोजनने आधीच धरलेल्या असतात, कल्याणहूनच भरून आलेली लोकल ठाण्याला कशी येते तसं, शिसं बिचारं प्लॅटफॉर्मवरच. क्रोमियमची गंमत वेगळी, हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे त्याचं विषारी रूप, ऋण भारात फिरतं, ते उलट ॲसिडमध्येच चांगलं धरलं जातं.

मग कंपन्या हे का वापरत नाहीत? अहो, धातू जास्त असेल तर चुना मारून पीएच वर नेला, म्हणजे पाण्यातलं ॲसिड मारलं, की धातू खाली बसतो, स्वस्तात काम. अडचण उरलेल्या चिमूटभराची. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम शिसं दहा हजार लिटरचे दहा टँकर त्या मर्यादेपर्यंत नेतं. ही शेवटची चिमूट पकडायलाच साल, तूस कामाचं.

जुन्या लोकांना निवळीचं बी आठवत असेल, माठाला आतून घासायचे, शेवग्याचं बी पण तसंच. पण त्याने गढूळपणा बसतो, आणि स्वच्छ दिसणारं पाणी म्हणजे धातू गेला असं नाही हं. उकळून पण जात नाही, उलट पाणी आटतं आणि धातू तेवढाच राहतो. आणि कृपा करून घरच्या माठात साली टाकू नका, आपल्या नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, त्यात साली कुजवून काय मिळणार?

माझा राग त्या 'गायब' शब्दावर आहे. धातू कुठे जात नाही हो, पाण्यातून सालीत जातो बस. उल्हास नदीतली जलपर्णी पण मुळांत धातू ओढते, आणि मग तीच काढून खत करायचं म्हणतात, म्हणजे फिरून आपल्या भाजीत. साल सौम्य ॲसिडने धुतली तर धातू परत सुटतो, पण मग ते ॲसिड तरी कुठे ओतणार? कारखान्याचा स्लज, म्हणजे खाली बसलेला गाळ, निदान तळोज्याला घातक कचऱ्याच्या जागी जातो.

माझी भुकटी सध्या बाल्कनीत आहे, डबल पिशवीत, वर मार्करने 'तांबं' लिहून. बायको रोज विचारते ही पुडी कधी जाणार, आणि मी तिला ती ओल्या कचऱ्यात टाकू देत नाहीये.