लिथियमची गोळी आणि तिच्याआधीचं निदान

(पडद्यावर लॅबचा एक रिपोर्ट, पेशंटचं नाव झाकलेलं)

सिरम लिथियम, 0.7. असा रिपोर्ट हातात घेऊन कोणी ओपीडीच्या बाकावर बसला असेल तर शेजारच्याला वाटतं याच्या रक्तात काहीतरी सापडलंय. तसं काही नाहीये. बायपोलर आजार, म्हणजे कधी मॅनिया (उत्साह, बडबड, हालचाल सगळं हाताबाहेर) तर कधी डिप्रेशन, रक्तात दिसत नाही, एमआरआयमध्येपण दिसत नाही. हा आकडा फक्त एवढंच सांगतो की हा माणूस रोज जी गोळी घेतोय ती अंगात पुरेशी आहे, कमी आहे, का जास्त झालीय. म्हणजे औषध मोजायची सोय आहे आणि ज्या आजारासाठी ते दिलंय तो मात्र अजूनही प्रश्न विचारून, ऐकून आणि वाट बघून ठरवावा लागतो. हे असं का झालं ते समजून घ्यायचं तर आपल्याला ऑस्ट्रेलियात जावं लागेल, तेही 1948 साली.

(जुने फोटो: मेलबर्न, बंडूरा)

जॉन केड हा मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या हॉस्पिटलातला सायकियाट्रिस्ट. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं तेव्हा तो जपान्यांच्या हाती सापडला आणि साडेतीन वर्षं चांगीच्या छावणीत कैदी होता. तिथे त्याने माणसांची डोकी फिरताना पाहिली आणि त्यातल्या काही जणांच्या पोस्टमॉर्टेममध्ये शरीरातलं ठोस कारणही पाहिलं. तेव्हापासून त्याच्या मनात बसलं की मॅनियासुद्धा शरीरातल्या कुठल्यातरी विषारी पदार्थामुळे होत असणार. परत आल्यावर एका रिकाम्या पडलेल्या खोलीत त्याने लॅब थाटली, लॅब म्हणजे काय तर थोड्या बाटल्या आणि गिनीपिग. पेशंटची लघवी घ्यायची आणि गिनीपिगला टोचायची. ऐकायला भयंकर वाटतं आणि आजची कुठलीही एथिक्स कमिटी असल्या प्रयोगाला दारातूनच परत पाठवेल. लघवीतल्या युरिक ॲसिडचा यात काय रोल आहे ते बघायचं होतं, पण ते पाण्यात नीट विरघळेना म्हणून त्याने त्याचं लिथियमचं सॉल्ट वापरलं. आणि गिनीपिग शांत झाले, उताणे करून ठेवले तरी धडपड करेनात. आता जाणकार म्हणतात की बहुतेक त्यांना विषबाधाच झाली असावी, म्हणजे कल्पना चुकीची, प्रयोग कच्चा, आणि निघालं काय तर मानसिक आजारांवरच्या सगळ्यात महत्त्वाच्या औषधांपैकी एक. सायन्समध्ये असं होतं कधीकधी, शाळेच्या पुस्तकात मात्र ते एवढं गबाळं दाखवत नाहीत.

आधी केडने लिथियम स्वतः घेऊन बघितलं. मग 29 मार्च 1948 ला पहिला पेशंट, रिपोर्टमध्ये त्याची फक्त आद्याक्षरं आहेत, डब्ल्यू. बी. वय 51. पाच वर्षं सलग मॅनियात, झोप नाही, बडबड थांबत नाही, वस्तू फोडायचा, अख्खा वॉर्ड त्याला वैतागलेला. लिथियम सुरू केल्यावर काही आठवड्यांतच तो शांत व्हायला लागला. गुंगीत गेला असं नाही, नीट बोलायला लागला. जुलैमध्ये घरी गेला आणि पुन्हा आपल्या जुन्या नोकरीवर रुजू झाला.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच थांबवतात. पण डब्ल्यू. बी.ने घरी गेल्यावर गोळ्या सोडल्या, आजार परत आला आणि जानेवारी 1949 मध्ये तो पुन्हा ॲडमिट झाला. लिथियम पुन्हा चालू केलं, मग विषबाधेची लक्षणं दिसली म्हणून बंद केलं, मग मॅनिया उसळला म्हणून परत चालू. 1950 मध्ये तो गेला, लिथियमच्या विषबाधेनेच. ज्या औषधाने त्याला घरी पाठवलं त्यानेच त्याचा जीव घेतला, कारण रक्तात ते किती आहे हे बघायची सोय तिथे नव्हती. केडने नंतर स्वतःच्या हॉस्पिटलात ते वापरणं थांबवलं.

सप्टेंबर 1949 मध्ये आलेल्या त्याच्या पेपरमध्ये एक गोष्ट अशी आहे जी मला त्या बरं होण्याच्या किश्श्यापेक्षा मोठी वाटते. त्याने मॅनियाच्या 10 पेशंटना लिथियम दिलं, स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणारा वेगळा मानसिक आजार) 6 जणांना दिलं आणि डिप्रेशनच्या 3 जणांना. मॅनियावाले सुधारले. स्किझोफ्रेनियावाल्यांची आदळआपट कमी झाली पण भास होते तसेच राहिले. डिप्रेशनवाल्यांना फरक पडला नाही. नुसतं झोपवणारं औषध असतं तर सगळे सारखेच पेंगले असते ना. म्हणजे हे औषध माणसामाणसात फरक करत होतं, आणि मग आपल्याला तो फरक आधी ओळखता येतो का, हा प्रश्न आला.

(पडद्यावर मिठाच्या बाटल्या, जुन्या जाहिराती)

तिकडे अमेरिकेत त्याच सुमारास वेगळाच घोळ चालू होता. हार्टच्या पेशंटना मीठ बंद असतं, म्हणून त्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराईड विकलं जात होतं, भाजीवर शिंपडायला. लोक मेले. 1949 मध्ये ते बाजारातून काढायला लागलं. कारण असं की किडनीला सोडियम आणि लिथियम यातला फरक फारसा कळत नाही, अंगात मीठ कमी पडलं की किडनी सोडियम धरून ठेवायला लागते आणि त्याच्यासोबत लिथियमही धरून ठेवते. म्हणजे ज्यांना मीठ बंद होतं नेमकं त्यांनाच ते सगळ्यात धोक्याचं. (आणि हो, सेव्हन अप 1929 मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यातही लिथियम होतं, नंतर काढलं.) या सगळ्यामुळे अमेरिकेत लिथियमचं नाव एवढं बदनाम झालं की औषध म्हणून त्याला परवानगी मिळायला 1970 उजाडलं. शिवाय ते साधं मूलद्रव्य, पेटंट कोण घेणार, कंपन्यांनाही घाई नव्हती.

मेलबर्नमध्येच नोॲक आणि ट्राउटनर या संशोधकांनी शंभरावर पेशंटना लिथियम देऊन सोबत रक्तातली लेव्हल मोजायला सुरुवात केली, आणि त्यामुळे हे औषध वापरण्याजोगं झालं. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ या सायकियाट्रिस्टने 1954 मध्ये नीट ट्रायल केली. त्याच्या स्वतःच्या भावाला वर्षानुवर्षं परत परत डिप्रेशन यायचं आणि लिथियमने ते परत यायचं थांबलं, त्यामुळे लंडनच्या टीकाकारांनी म्हटलं की हा माणूस तटस्थ नाही, याची भक्ती झालीय. 1968 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी सरळ लिहिलं की लिथियमने आजार परत यायचा थांबतो ही दंतकथाच असावी. टीका झोंबणारी होती पण चुकीची नव्हती, पुरावा खरंच अपुरा होता. मग डेन्मार्कवाल्यांनी लिथियमवर स्थिर असलेल्या पेशंटपैकी काहींच्या गोळ्या बदलून सारख्याच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या दिल्या, कोणाला कुठली ते पेशंटला माहीत नाही. काही महिन्यांत खोट्या गोळ्यावाल्यांपैकी निम्म्याहून जास्त परत आजारी पडले आणि लिथियमवाल्यांपैकी एकही नाही. 1970 मध्ये हे छापून आलं आणि वाद बऱ्यापैकी मिटला.

पण औषध सिद्ध झालं तरी ते द्यायचं कोणाला?

(न्यूयॉर्क आणि लंडन, शेजारी शेजारी)

1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलांत स्किझोफ्रेनियाचे पेशंट भरमसाट आणि लंडनमध्ये मॅनिया-डिप्रेशनचे जास्त. आजार समुद्र ओलांडून बदलतो का काय? दोन्हीकडच्या पेशंटना एकाच टीमने, एकाच पद्धतीने, तेच ठरलेले प्रश्न विचारून पुन्हा तपासलं तर फरक जवळपास गायबच झाला. पेशंट सारखेच होते, डॉक्टर वेगळे होते. एकाच माणसाच्या मुलाखतीची फिल्म दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवली तर अमेरिकेतले बहुसंख्य म्हणाले स्किझोफ्रेनिया आणि ब्रिटिशांपैकी जवळपास कोणीच तसं म्हणालं नाही. यात गंमत वाटली तरी परिणाम बघा, न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला की त्या माणसाला लिथियम मिळण्याची शक्यताच कमी, आणि कदाचित तेच त्याला लागू पडलं असतं.

1980 च्या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये, म्हणजे डीएसएम-3 मध्ये, म्हणून निकष आले. अमुक लक्षणांपैकी इतकी, इतके दिवस. आजही मॅनिया म्हणायला साधारण आठवडाभर लक्षणं लागतात, डिप्रेशनला दोन आठवडे. लोक म्हणतात ही काय चेकलिस्ट झाली, आणि खरंय, चेकलिस्टच आहे. तिने एवढंच केलं की पुण्याचा डॉक्टर आणि टोरांटोचा डॉक्टर एकाच शब्दाने बहुधा एकच गोष्ट म्हणतील. आजाराचं मूळ त्या यादीत सापडत नाही आणि सापडतं असं कोणी सांगत असेल तर तो जास्तच सांगतोय.

(आपल्याकडची ओपीडी, पाठमोरे पेशंट)

आता बायपोलरची खरी पंचाईत इथे येते. माणूस डॉक्टरकडे येतो तो बहुतेकदा डिप्रेशनमध्ये. मॅनियात असताना कशाला येईल, तेव्हा तर त्याला आयुष्यात एवढं भारी कधीच वाटलेलं नसतं, रात्री तीनला नवीन बिझनेसचे प्लॅन, क्रेडिट कार्ड फुल, झोप तीन तास आणि थकवा नाही. घरचे म्हणतात जरा जास्तच उत्साहात आहे, नाहीतर म्हणतात बाहेरचं झालंय. नंतर खाली आपटला की आणतात आणि डॉक्टरला फक्त खाली आपटलेला माणूस दिसतो. त्याला नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर काहींच्या बाबतीत ते उलट मॅनियाकडे ढकलू शकतं. म्हणून चांगला सायकियाट्रिस्ट हमखास विचारतो की कधी याच्या उलट झालं होतं का, झोपेची गरजच वाटेना असं कधी झालं का, आणि हे पेशंटला आठवत नाही, त्याच्या बायकोला आठवतं, आईला आठवतं. निदानाचा अर्धा भाग त्या नातेवाईकाकडे असतो जो बाहेर बाकावर बसून मोबाईल बघतोय. थायरॉईड तपासतात, दारू-गांजाचं विचारतात, दम्यासाठी किंवा इतर कशासाठी स्टिरॉइड चालू आहे का विचारतात, कारण मॅनियासारखं चित्र त्यानेही होऊ शकतं. एवढं करूनही पहिलं निदान कधीकधी दोन वर्षांनी बदलतं. घरचे चिडतात, आधीच्या डॉक्टरला काही कळत नव्हतं म्हणतात. तसं असेलही, पण बऱ्याचदा आजाराचा दुसरा चेहरा तोवर आलेलाच नसतो.

आपल्याकडे या सगळ्याला वेळ कुठून आणायचा हा वेगळाच प्रश्न. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे मनोरुग्णालयं आहेत, पण तिथवर येणारा माणूस आधी किती दारं फिरून आलेला असतो ते तिथल्या कोणालाही विचारा. 14416 हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, सुरुवात तिथून करता येते.

आणि गोळी एकदा सुरू झाली की? डॉक्टर नातेवाईकांना समजावतात की ही शुगरच्या गोळीसारखी आहे. लाज कमी करायला हे वाक्य कामाचं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण शुगर मोजता येते, मूड मोजता येत नाही, आणि लिथियम नेमकं कसं काम करतं हे आजही पूर्ण उलगडलेलं नाही. मेंदूत अमुक केमिकल कमी पडलंय म्हणून ही गोळी, असं साधंसरळ गणित डिप्रेशनसाठीही सिद्ध झालेलं नाही. त्याचा अर्थ गोळ्या खोट्या आहेत असा लावणारे सोशल मीडियावर खूप आहेत. डेन्मार्कचा तो प्रयोग त्यांनी बघावा.

जे माहीत आहे ते मात्र काटेकोर पाळावं लागतं. लेव्हल साधारण 0.6 ते 1.0 च्या आसपास, 1.5 च्या वर गेली की धोका. रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी द्यायचं, म्हणजे रात्रीची गोळी घेऊन सकाळी जायचं आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. किडनी आणि थायरॉईड दर काही महिन्यांनी. मे महिन्यात विदर्भात दिवसभर उन्हात काम, जुलाब-उलट्या, कडक उपवास ज्यात पाणीही धड पीत नाहीत, कोणीतरी सांगितलं म्हणून अचानक मीठ बंद, यातलं काहीही झालं की लेव्हल चढू शकते. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळीसुद्धा, बीपीच्या काही गोळ्यासुद्धा. हात जास्त थरथरायला लागले, चालताना झोक जातोय, बोलणं जड झालं, तर सोमवारची अपॉइंटमेंट आहे म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. मूल हवं असेल तर ते आधी सांगायचं, बायपोलरमध्ये दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाला अपाय करतं हे पक्कं माहीत आहे आणि तरी तरुण मुलींना ते न सांगता दिलं जातं, याचा मला राग येतो.

सोडायचं कधी, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो विचारण्यात काही गैर नाही. लिथियम एकदम बंद केलं तर आजार उसळायचा धोका वाढतो, म्हणून कमी करायचं तर आठवडे-महिने घेऊन, डॉक्टरच्या देखरेखीत. काहींना कायम लागतं, काहींना वजन, तहान, थरथर नकोशी होते आणि ते दुसरं औषध मागतात. तो त्यांचा हक्क आहे. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टप्रमाणे माणूस बरा असताना आधीच लिहून ठेवू शकतो की पुढे मी आजारी पडलो आणि मला ठरवता येईना तर कुठले उपचार चालतील, कुठले नकोत आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं. इमर्जन्सीत त्याला मर्यादा आहेत, पण सोय आहे. डब्ल्यू. बी.ला सहा महिने बरं वाटत होतं तेव्हा गोळ्यांबद्दल त्याचं काय म्हणणं होतं, का सोडल्या, हे त्याला कोणी बसून विचारलं असतं तर त्याने काहीतरी सांगितलंच असतं.