साडेबारा पौंडांची हवा

(दृश्य : फॉक्सबरो, मॅसॅच्युसेट्स. जिलेट स्टेडियमबाहेरचा वाहनतळ. सकाळ.)

न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना असतो, त्या दिवशी फॉक्सबरो या लहानशा गावातले वाहनतळ खेळ सुरू होण्याच्या कितीतरी तास आधीपासून भरू लागतात. गाड्यांची मागची दारे उघडून शेगड्या मांडल्या जातात, मुले दोन गाड्यांमधल्या जागेत लंबगोल चेंडू फेकत असतात आणि मोठी माणसे वाद घालत असतात. इथे कोणालाही सहज विचारावे, की २०१५ साली पेट्रियट्सने आपल्या चेंडूंतली हवा खरोखरच काढली होती का. हातातला चिमटा बाजूला ठेवून तो गृहस्थ आपल्याला वायूचे नियम समजावून देऊ लागतो. ज्यांनी शाळा सोडल्यापासून भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते, अशा हजारो माणसांना एका सामन्याने तापमान आणि दाब यांचे नाते तोंडपाठ करायला लावले.

तो सामना १८ जानेवारी २०१५ रोजी रात्री याच मैदानावर झाला. इंडियानापोलिस कोल्ट्सचा ४५–७ असा पराभव करून पेट्रियट्सने सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, प्रवेश मिळवला. सामना इतका एकतर्फी होता, की त्याची चर्चा दुसऱ्या दिवशी संपायला हवी होती.

(दृश्य : चेंडूचे जवळून चित्रण. झडपेत शिरणारी सुई.)

अमेरिकन फुटबॉलमधील व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, नियम सांगतो की चेंडूतील हवेचा दाब दर चौरस इंचाला साडेबारा ते साडेतेरा पौंड असावा. क्रिकेट पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट म्हणजे या खेळात आक्रमण करणारा संघ स्वतः तयार केलेले चेंडू वापरतो. २००६ साली पाहुण्या संघांनाही ही मुभा मिळाली, आणि ती मिळावी म्हणून पुढाकार घेणाऱ्यांत पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, टॉम ब्रेडी आणि त्याचा तेव्हाचा मोठा प्रतिस्पर्धी पेटन मॅनिंग हे दोघेही होते. चेंडू घासून त्याची चकाकी घालवणे, तो हाताला सरावेल असा करणे, हे सारे नियमात बसते. हवा मात्र पंचांनी सामन्यापूर्वी तपासायची असते आणि त्यानंतर तिला कोणी हात लावायचा नसतो. किंचित मऊ चेंडू पकडायला सोपा जातो, आणि थंडीपावसात तर अधिकच सोपा; संशयाचे मूळ इथे आहे.

(दृश्य : पंचांच्या खोलीची पुनर्रचना. टेबलावर चेंडू आणि दोन दाबमापके.)

पेट्रियट्सच्या चेंडूंविषयी कोल्ट्सने लीगला सामन्याच्या आधीच कळवले होते. एवढी पूर्वसूचना असतानाही सामन्यापूर्वी मोजलेला दाब कोणी कागदावर उतरवला नाही, आणि आमच्या मते या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच आहे. मुख्य पंच वॉल्ट अँडरसन यांनी आठवणीने सांगितले, की पेट्रियट्सचे चेंडू साडेबाराच्या आसपास होते आणि कोल्ट्सचे तेराच्या आसपास. त्यांच्याजवळ दोन दाबमापके होती. एकावर चेंडू बनवणाऱ्या विल्सन कंपनीचे चिन्ह होते आणि त्याची सुई लांब व वाकडी होती. दुसऱ्यावर चिन्ह नव्हते. चिन्हाचे मापक दुसऱ्यापेक्षा सुमारे तीन ते साडेचार दशांश पौंड जास्त दाब दाखवीत असे. पेट्रोल पंपावर हवा भरून पुढच्या पंपावर पुन्हा तपासणाऱ्या कोणत्याही दुचाकीस्वाराला हा अनुभव असतो आणि तो त्याकडे दुर्लक्ष करतो. इथे मात्र त्या तीन-साडेचार दशांशांवर एका खेळाडूची अब्रू टांगली गेली.

दुसऱ्या चतुर्थांशात ब्रेडीने फेकलेला एक चेंडू कोल्ट्सच्या खेळाडूने अडवून पकडला. तो तपासला गेला आणि मध्यंतरात, १७–७ अशी गुणफलकाची स्थिती असताना, दोन्ही संघांचे चेंडू या खोलीत आणण्यात आले. दोन पंचांनी एकेक मापक घेतले. पेट्रियट्सचे अकरा चेंडू दोन्ही मापकांवर साडेबाराच्या खाली भरले; चिन्ह नसलेल्या मापकावर त्यांची सरासरी ११.११ आली आणि चिन्हाच्या मापकावर ११.४९. त्यानंतर कोल्ट्सचे चेंडू हाती घेतले, चार मोजून झाले आणि वेळ संपली. त्या चारांपैकी तीन चेंडूही एका मापकावर साडेबाराच्या खालीच होते. पेट्रियट्सच्या चेंडूंत हवा भरून ते मैदानावर परत पाठवण्यात आले, आणि नियमात बसणाऱ्या त्या चेंडूंनी पेट्रियट्सने उत्तरार्धात २८ गुण मिळवले. कोल्ट्सचा गुण शून्य.

सामन्यानंतर दोन दिवसांत एका क्रीडावाहिनीच्या बातमीत आले, की बारापैकी अकरा चेंडूंत दोन-दोन पौंड हवा कमी होती. प्रत्यक्षातले आकडे तसे नव्हते, परंतु ते जाहीर व्हायला मे महिना उजाडला, आणि तोपर्यंत देशाच्या मोठ्या भागाचे मत बनून गेले होते.

(दृश्य : स्वयंपाकघर. फ्रिजमध्ये ठेवलेला चेंडू. बाहेर अंगणात बर्फ.)

आता हे स्वयंपाकघर पाहा. न्यू इंग्लंडमधील असंख्य घरांत त्या हिवाळ्यात जो प्रयोग झाला, तो आम्ही पुन्हा करून पाहिला. खोलीत साडेबारा पौंड हवा भरलेला चेंडू रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, आणि सकाळी सुई लावली तेव्हा काटा अकराच्या थोडा खाली थांबला. चेंडूला कोणीही हात लावलेला नव्हता.

याचे कारण साधे आहे, पण ते सांगताना सुरुवातीला अनेक जाणकारही घसरले. दाबमापक दाखवते तो बाहेरच्या हवेपेक्षा आत असलेला जास्तीचा दाब असतो. पंक्चर होऊन बसलेल्या टायरला मापक लावले तर काटा शून्यावर राहतो, याचा अर्थ टायरमध्ये निर्वात पोकळी आहे असा होत नाही. वातावरणाचा सुमारे १४.७ पौंड दाब आत असतोच. म्हणून साडेबारा दाखवणाऱ्या चेंडूतला खरा दाब २७.२ पौंड असतो आणि थंडीमुळे होणारी घट या मोठ्या आकड्यावर मोजावी लागते. पंचांची खोली सुमारे २१ अंश सेल्सिअस आणि मैदान सुमारे ९ अंश, असे धरले तर घट सुमारे १.१ पौंडाची येते. १४.७ विसरून नुसत्या साडेबारावर गणित केले, तर ती जेमतेम अर्धा पौंड येते. पहिल्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर हेच चुकीचे गणित मांडून 'थंडीची सबब' हास्यास्पद ठरवली गेली होती.

लीगने नेमलेले वकील टेड वेल्स यांचा २४३ पानांचा अहवाल ६ मे २०१५ रोजी प्रसिद्ध झाला. त्यांच्या तज्ज्ञांनी गणित योग्य केले होते. निव्वळ हवामानामुळे पेट्रियट्सचे चेंडू मध्यंतरापर्यंत ११.५२ ते ११.३२ या दरम्यान यायला हवेत, असे त्यांनी सांगितले. आता वरचे दोन आकडे आठवा. ११.४९ या पट्ट्यात बसतो आणि ११.११ बसत नाही. म्हणजे सामन्यापूर्वी चिन्हाचे मापक वापरले असेल तर निसर्ग दोषी, आणि दुसरे वापरले असेल तर माणूस. अँडरसन यांची आठवण अशी, की त्यांनी चिन्हाचे मापक वापरले होते. अहवालाने त्यांच्या इतर सर्व आठवणी ग्राह्य धरल्या आणि नेमक्या या एका ठिकाणी त्यांची स्मृती चुकली असावी, असा निष्कर्ष काढला. एमआयटीतील प्राध्यापक जॉन लेनर्ड यांनी यावर स्वतंत्र व्याख्यान देऊन हवा कोणी काढली नसल्याचे मत मांडले, आणि पेट्रियट्सच्या चाहत्यांनी ते व्याख्यान भक्तिभावाने एकमेकांना पाठवले.

विरोधी बाजूचे चाहते यावर कोल्ट्सच्या चार चेंडूंकडे बोट दाखवतात. थंडी दोघांनाही सारखीच होती, मग कोल्ट्सच्या चेंडूंतला दाब कमी प्रमाणात का उतरला, हा त्यांचा प्रश्न आहे. ते चेंडू उबदार खोलीत अधिक वेळ राहिल्यानंतर मोजले गेले, हे त्यावरचे उत्तर. अहवालाने ही वेळही हिशेबात घेतली होती आणि तरीही फरक पूर्ण सुटत नाही असे म्हटले होते. मात्र कोणता चेंडू कितव्या मिनिटाला मोजला, याचीही नोंद नव्हती.

(दृश्य : स्टेडियममधील बोळ. एक बंद दार.)

या दाराविषयी सांगितल्याशिवाय विरोधकांना न्याय मिळणार नाही. सामना सुरू होण्यापूर्वी पेट्रियट्सचा एक कर्मचारी पंचांना न विचारता चेंडूंच्या थैल्या घेऊन निघाला आणि मैदानालगतच्या स्वच्छतागृहात सुमारे शंभर सेकंद थांबला, हे सुरक्षा कॅमेऱ्याने टिपले आहे. याच कर्मचाऱ्याने २०१४ च्या मे महिन्यात एका संदेशात स्वतःचा उल्लेख 'हवा काढणारा' असा केला होता. संघाने त्यावर खुलासा दिला, की तो शब्द वजन कमी करण्याच्या संदर्भात वापरला जात असे. आमच्याशी बोलताना ब्रेडीचे नाव पाठीवर मिरवणाऱ्या चाहत्यांनाही हा खुलासा सांगताना हसू आवरले नाही. त्याच संदेशमालिकेत दुसरीही एक गोष्ट आहे : २०१४ च्या ऑक्टोबरमधील न्यूयॉर्क जेट्स या संघाविरुद्धच्या सामन्यात चेंडू फार टणक असल्याबद्दल ब्रेडी चिडला होता आणि नंतर मोजले तेव्हा काही चेंडू सोळा पौंडांच्या जवळ भरले. तेही नियमाबाहेरच, आणि त्याची चौकशी कोणी मागितली नाही.

अहवालाची भाषा वकिली होती. हवा काढली गेली असण्याची शक्यता, ती न काढल्याच्या शक्यतेपेक्षा अधिक आहे, आणि ब्रेडीला याची किमान ढोबळ कल्पना असावी, एवढेच त्यात म्हटले होते. चौकशीच्या सुमारास ब्रेडीचा मोबाइल नष्ट करण्यात आला, हे जुलैमध्ये बाहेर आले आणि कुंपणावर बसलेले बरेच लोक त्या दिवशी विरोधी बाजूला उतरले.

इतर शहरांतल्या चाहत्यांच्या मनात २००७ ची आठवणही होतीच. त्या वर्षी पेट्रियट्सने प्रतिस्पर्धी जेट्सच्या खुणांचे मैदानालगतून चित्रीकरण केल्याचे उघड झाले होते आणि प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना पाच लाख डॉलर दंड झाला होता. एकदा पकडलेल्याला दुसऱ्यांदा संशयाचा फायदा कोण देतो? आपणही यापेक्षा वेगळे वागतो असे नाही. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत सामनाधिकारी माइक डेनेस यांनी चेंडूच्या शिवणीवरून सचिन तेंडुलकरला दोषी ठरवले, तेव्हा पुरावा पाहण्याआधीच आपला निकाल तयार होता.

(दृश्य : न्यूयॉर्क. न्यायालयाबाहेर जमलेली गर्दी. कागदावर रंगवलेले चित्र.)

११ मे २०१५ रोजी ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी आली, संघाला दहा लाख डॉलर दंड झाला आणि नवोदित खेळाडूंच्या निवडीतील दोन संधी गेल्या.

वाद मॅनहॅटनमधील संघीय न्यायालयात पोहोचला. तिथे कॅमेऱ्याला परवानगी नसल्याने १२ ऑगस्टच्या सुनावणीचे चित्र एका चित्रकर्तीने खडूने रेखाटले. देशातला देखणा म्हणून गाजलेला खेळाडू त्या चित्रात इतका ओढलेल्या चेहऱ्याचा दिसला, की दिवसभरात ते चित्र घरोघरी पोहोचले आणि त्याची मनसोक्त थट्टा झाली. चित्रकर्तीने शेवटी दिलगिरी व्यक्त केली. आमच्याकडे न्यायालयाच्या आतले हेच एक दृश्य आहे, म्हणून आपण ते थोडा वेळ पाहू.

३ सप्टेंबर २०१५ रोजी न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी बंदी रद्द केली. २५ एप्रिल २०१६ रोजी अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी ती पुन्हा लागू केली. चाहत्यांनी पहिला निकाल निर्दोषत्वाचा दाखला म्हणून साजरा केला आणि दुसरा गुन्ह्याचा शिक्का म्हणून वापरला गेला, परंतु हवा काढली की नाही हा प्रश्न दोन्ही न्यायालयांपुढे नव्हताच. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार आयुक्त रॉजर गुडेल यांना अशी शिक्षा देण्याचा आणि स्वतःच अपील ऐकण्याचा अधिकार आहे का, एवढाच तो खटला होता.

(दृश्य : जिलेट स्टेडियम, ७ सप्टेंबर २०१७. प्रेक्षागृहात फडकणारे टॉवेल.)

ब्रेडी २०१६ च्या हंगामात पहिले चार सामने बाहेर बसला. पुढच्या फेब्रुवारीत अटलांटा फाल्कन्सविरुद्ध ३–२८ अशा पिछाडीवरून त्याने ३४–२८ असा सुपर बोल जिंकला, आणि गुडेल यांना करंडक द्यायला मंचावर यावे लागले. त्या सामन्याआधीच्या लढतीत फॉक्सबरोच्या प्रेक्षकांनी 'रॉजर कुठे आहे' असा एकसुरात घोष केला होता. गुडेल त्या दिवशी अटलांटात होते. ते इथे आले ते पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विदूषकाचे लाल नाक रंगवलेले टॉवेल हजारोंच्या हातांत होते.

(दृश्य : पुन्हा वाहनतळ. संध्याकाळ. गाडीच्या बॉनेटवर चेंडू आणि मापक.)

या प्रकरणानंतर २०१५ च्या हंगामापासून लीगने कार्यपद्धती बदलली. चेंडूंना क्रमांक दिले जाऊ लागले, सामन्यापूर्वीचा दाब लिहून ठेवला जाऊ लागला आणि काही निवडक सामन्यांत मध्यंतराला चेंडू पुन्हा मोजण्यात आले. कडाक्याच्या थंडीत, ज्यावर कोणाचाही संशय नाही असा चेंडू किती उतरतो, हे त्या नोंदींतून समजू शकले असते. वाहनतळावरचा हा गृहस्थ गाडीच्या बॉनेटवर चेंडू ठेवून काटा वाचतो आहे आणि शेजारच्या गाडीतला जेट्सचा चाहता त्याच्या मापकावरच शंका घेतो आहे. लीगने त्या हंगामातले आकडे आजवर जाहीर केलेले नाहीत.