गुपित छापून टाकणारा माणूस

(पडद्यावर: काचेवर सावकाश उमटत जाणारा एक चेहरा)

फोटो काढायची ही काच ओली असेपर्यंतच कामाची. आधी तिच्यावर कलोडियन नावाच्या द्रावणाचा चिकट थर, मग प्रकाश टिपणारा थर बनवणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटची आंघोळ, लगेच कॅमेऱ्यात, आणि थर सुकायच्या आत परत अंधाऱ्या खोलीत. सगळा खेळ काही मिनिटांचा.

ही कृती फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज माणसानं १८५१ मध्ये छापून टाकली. मूळचा शिल्पकार. पेटंट घेतलं नाही, कुणाकडे एक पैसा मागितला नाही.

त्याच्याआधीच्यांनी हिशेब वेगळा केला होता. १८३९ मध्ये फ्रान्स सरकारनं दागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढायची कृती जगासाठी खुली केली. बदल्यात दागेरला वर्षाला ६,००० फ्रँक पेन्शन, आणि त्याचा वारलेला भागीदार न्येप्स याच्या मुलाला ४,०००. जगासाठी म्हणायचं, पण त्या घोषणेच्या पाचच दिवस आधी इंग्लंडमध्ये तिच्यावर गुपचूप पेटंट निघालं होतं! कागदी निगेटिव्हवाल्या, म्हणजे प्रती काढायला उलटं चित्र कागदावर घेणाऱ्या, टॅलबट या इंग्रजानं १८४१ मध्ये आपलं पेटंट घेतलं आणि परवाने विकले.

(पडद्यावर: जुन्या स्टुडिओंमधले फोटो, एकामागून एक)

१८५१ नंतरच्या दहा-एक वर्षांत आर्चरच्या ओल्या काचेनं दोघांनाही मागे टाकलं. दागेरचा फोटो एकुलता एक, त्याची प्रत निघत नसे. टॅलबटच्या प्रती निघत, पण कागदाचे धागे चित्रात उतरत. काचेत रेषाही स्वच्छ आणि प्रतीही हव्या तितक्या. टॅलबट म्हणाला, हेही माझ्याच पेटंटात येतं. १८५४ मध्ये कोर्टानं ते मानलं नाही. गावोगाव स्टुडिओ उघडले, फोटोग्राफर पोटाला लागले.

आर्चर १८५७ मध्ये गेला, तेव्हा घरात फारसं काही नव्हतं. बायकामुलांसाठी वर्गणी काढावी लागली.

कलावंतानं आपली कृती सांगावी का, ही चर्चा निघाली की लोक मनाच्या मोठेपणावर बोलतात. मला ते अर्धवट वाटतं. नक्कल होईल ही भीती बरीचशी पोकळ आहे. उपाशी राहू ही भीती मात्र खरी.

(पडद्यावर: डार्करूममधला लाल दिवा, ट्रेमध्ये हलणारा कागद)

नकलेचं म्हणाल, तर अमेरिकन फोटोग्राफर अन्सेल ॲडम्स पाहा. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र त्यानं टिपला. ऊन उतरत होतं, प्रकाश मोजायचा लाइट मीटर सापडेना. पण चंद्राची प्रखरता पाठ होती, त्यावरून किती प्रकाश आत घ्यायचा याचा मनातच हिशेब करून त्यानं एक्सपोजर दिलं. पुढे हे आकडे त्यानं स्वतःच लिहून ठेवले. भिंगाचं छिद्र, वेळ, फिल्टर, छापताना कुठला भाग झाकायचा आणि कुठे जास्त प्रकाश द्यायचा, सगळं. आयुष्यभर शिबिरं घेऊन शिकवलं.

तरी तो चंद्र दुसऱ्या कुणाचा झाला नाही. खुद्द ॲडम्सलाही तो एकदाच छापून पुरला नाही. एकच निगेटिव्ह तो वर्षानुवर्षं छापत राहिला. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात ढगांच्या पुसट रेघा दिसतात. नंतरच्यांत ते जवळजवळ काळं होत गेलं. लोक त्या प्रतींसाठी पैसे मोजत होते, आकड्यांसाठी नाही.

आर्चरचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ती कृतीच होती, आणि तीच त्यानं फुकट देऊन टाकली.

(पडद्यावर: काच पुन्हा ट्रेमध्ये. चेहरा पुरता उमटलेला.)