पाठीवरचा डबा

[दृश्य : पहाट. कोल्हापुरातला पोहण्याचा टँक. पाण्यावर बुडबुडे.]

आपल्याकडं पोहायला शिकवायची जुनी रीत म्हणजे पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा, गाठ ओढून बघायची आणि द्यायचं विहिरीत ढकलून. मामाही असेच शिकले. आज 47व्या वर्षी ते स्कूबा डाइव्हिंग शिकवतात आणि त्यांच्या पाठीवर पुन्हा डबा आहे, श्वासाच्या हवेचा. तेव्हाचा तरंगायला होता, हा बुडायला.

[दृश्य : शिरोली एमआयडीसी, रात्रपाळी. भट्टीचा उजेड.]

22 वर्षं मामा इथं फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात होते. मोल्डिंगला हेल्पर म्हणून लागले, सुपरवायझर होऊन बाहेर पडले. का सोडलं, यावर फार बोलत नाहीत. गुडघे, रात्रपाळ्या, आणि तारकर्लीच्या सहलीत पाण्याखाली काढलेली पंधरा मिनिटं.

पुढचा रस्ता मात्र लांबचा निघाला. स्कूबाचा पहिला कोर्स 18 मीटर खोलीपर्यंतचा, त्यानंतरचा 30चा. मग रेस्क्यू, म्हणजे अडचणीतल्याला वाचवायचा, मग डाइव्हमास्टर, इन्स्ट्रक्टरच्या आधीची पायरी. त्यात 400 मीटर पोहून दाखवायचं, 15 मिनिटं जागच्या जागी तरंगायचं, निपचित माणसाला 100 मीटर ओढत आणायचं. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसायचं तर नोंदवहीत किमान 100 डाइव्ह हवेत. आणि मेडिकल फॉर्मवर 45 ओलांडलेल्यांना जादा प्रश्न. शनिवारी पाळी संपली की गगनबावड्यावरून मालवण, रविवारी दोन डाइव्ह, सोमवारी परत भट्टी. पावसाळ्यात समुद्र बंद. शंभर भरायला दोन सीझन गेले.

[दृश्य : टँकच्या काठावर विद्यार्थी. मामा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन, हातात धरून.]

मामांना सगळ्यात जड जातो तो पट्टीचा पोहणारा. ऑलिंपिकला गेलेल्या जलतरणपटू वीरधवल खाडेंचं हे गाव, पाण्याची भीती इथं फारशी कुणाला नाही. पण एका दमात टँक पार करणं ही इथली मर्दुमकी, आणि स्कूबात नेमकं तेच चालत नाही. दम कोंडायचाच नाही.

हे समजवायला मामा फौंड्रीत शिरतात. ‘कास्टिंग रिजेक्ट का हुतंय? गॅसला वाट घावली न्हाई की आत पोकळी ऱ्हाती, ब्लो-होल. म्हणून साच्याला सळीनं भोकं मारत्यात. तुमची छाती म्हंजे साचाच की. बुडबुडं सोडत ऱ्हावा.’

10 मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथं सिलिंडरमधून भरून घेतलेला श्वास तसाच कोंडून वर आलात, तर तीच हवा छातीत दुप्पट व्हायला बघते. फुप्फुस फाटतं. दुसरा धोका रक्तातला. खोलवर विरघळलेला नायट्रोजन घाईनं वर आल्यावर बुडबुडे धरतो. म्हणून येताना वेग कमी, आणि 5 मीटरवर 3 मिनिटं मुक्काम. मामांच्या फौंड्रीच्या भाषेत, ‘ओतलेला जॉब गार हूं दे. गरम गरम फोडू नको.’

[दृश्य : कमरेच्या पट्ट्याचा क्लोजअप.]

पट्ट्यातले शिशाचे ठोकळे त्यांनी स्वतः ओतलेत. एकावर साच्याची वाळू अजून चिकटलेली दिसते. टँकवर यातले दोन काढून ठेवतात. खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो, गोड्या पाण्याला एवढं वजन लागत नाही.

[दृश्य : मालवण. पाण्याखाली एक तरुण, अंगठा वर.]

हा गडी उचगावचा. मासे बघून खूश झाला आणि त्यानं अंगठा दाखवला. मामांनी तत्काळ त्याचा दंड धरला आणि सावकाश वर आणला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. होडीजवळ डोकं बाहेर काढून पोरगा वैतागला, ‘मामा, लय भारी म्हणत हुतो की!’ मामा हसले नाहीत. खूण पाण्यात विचारून घेता येत नाही, बघितली की पाळायची. त्याच्याकडून दहा वेळा गोल करून घेतला, मगच पुन्हा खाली नेला.

[दृश्य : मामांचं घर. चुलीसमोर आई.]

पगार फौंड्रीपेक्षा कमी, तोही आठ महिन्यांचा. जून ते सप्टेंबर टँकवरच्या क्लासवर भागवायचं. आईंना हे गणित पटलेलं नाही.

‘नेमकं शिकवतोस काय रं?’
‘श्वास घ्यायला.’
‘आन् त्येचं पैसं देत्यात लोक?’

मामांनी भाकरीचं गाठोडं उचललं. आईंनी मागून हाक मारून ठेच्याची बरणी दिली, झाकण घट्ट आहे का ते बघून.