भाच्याचा सल्ला, तांडेलाचा अनुभव

मंडळी, काही वर्षांपूर्वी मालवणच्या बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानांच्या पाट्या कुणाला आठवतात? ओप्पोची हिरवी, विवोची निळी, आणि दुकानदाराचं स्वतःचं नाव कुठेतरी कोपऱ्यात. विवोने तर आयपीएलच्या २०१८ ते २०२२ या पाच हंगामांसाठी २,१९९ कोटी रुपये कबूल केले होते. एवढ्या पैशात नाव घरोघरी पोचतं. पण गिऱ्हाईक पैसे मोजण्याआधी कुणाला तरी विचारतंच.

समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या अमेरिकी निवडणुकीत ओहायो राज्यातल्या मतदारांचा अभ्यास केला. रेडिओ आणि वर्तमानपत्रांचा मतांवर थेट परिणाम फार थोडा दिसला. लोक ऐकत होते ते ओळखीतल्या जाणत्या माणसाचं.

आपल्याकडे हा जाणता माणूस गणपतीला येतो. आयटीतला भाचा. आरती झाली की पडवीत त्याच्याभोवती घोळका जमतो, आणि कुणी कुठला फोन घ्यायचा हे तो ठरवून टाकतो. त्याला प्रोसेसर कळतो, कॅमेरा कळतो. वाडीतलं नेटवर्क त्याला कुठून कळणार? मग अनंत चतुर्दशीनंतर मामी म्हणते, "फोन बरो आसा रे, पण हय रेंज खंय गावता?"

दुसरा जाणता बंदरावर असतो. जाहिरातीत फोनवर पाणी उडतं, फोन पाण्यात बुडतो, वर येतो, चालू राहतो. आपला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावूनच होडीत चढतो. हसू नका, शहाणा तोच आहे. आयपी ६८ हे धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन मोबाइल कंपन्या गोड्या पाण्यातल्या चाचणीवर देतात. खारं पाणी चार्जिंगच्या खाचेत गेलं की धातू गंजतो, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. ऑस्ट्रेलियात सॅमसंगने गॅलेक्सी फोन पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात वापरता येतील असं जाहिरातींत दाखवलं, तेव्हा २०२२ साली तिथल्या न्यायालयाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. आमच्या बंदरावर हे कोर्टाआधीच माहीत होतं.

म्हणून तोंडी प्रसिद्धी नेहमी खरीच, असं मात्र मी म्हणणार नाही. एकाच्या फोनची बॅटरी फुगली की ती कंपनी अख्ख्या वाडीत बाद होते, पुढचं मॉडेल कितीही चांगलं निघो. आणि हल्ली तोंडही विकत मिळतं. दुकानात तुमच्याशी आपुलकीने बोलणारा तो टी-शर्टवाला पोरगा अनेकदा कंपनीचाच असतो. त्याच ब्रँडचे फोन खपले की त्याला इन्सेंटिव्ह. त्याचा राग नको, पोटाचा प्रश्न आहे. यूट्यूबवरच्या दादाचं तसं नाही. पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहा, असा जाहिरात मानक परिषदेचा २०२१पासूनचा नियम आहे. ती ओळ शोधून वाचणारे किती, हात वर करा बघू!

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कंपनीला, आणि तिची भलामण करणाऱ्या नटालाही, १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. भाच्याला यातलं काहीच लागू नाही. फार तर पुढच्या गणपतीत त्याला कुणी फोनबद्दल विचारणार नाही.