बुडालेपण

मंडळी, आज एकाच शब्दापाशी थांबायचं आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातला शब्द, ‘बुडालेपण’.

गीतेतला मूळ श्लोक तुम्हाला पाठ असेल, ‘अपि चेत्सुदुराचारो’. माणूस कितीही दुराचारी असो, अनन्यभावानं भजू लागला की त्याला साधूच मानावं. ‘मन्तव्यः’, म्हणजे मानावं. मला या मानण्यात जरा हात राखल्यासारखं वाटतं. नकोशा पाहुण्याला ‘बसा’ म्हणावं, तसं. पंडितांना हे पटणार नाही, असू दे. माउली मात्र ‘सर्वोत्तमुचि’ म्हणतात आणि दाखला देतात महापुराचा. एकजण पुरात बुडाला, पण न मरता बाहेर निघाला.

‘तयाचें जीवित ऐलथडिये आलें । म्हणौनि बुडालेपण जेवीं वायां गेलें’.

तो बुडालाच नव्हता, असं ते म्हणत नाहीत. नाकातोंडात पाणी गेलेलं आहे. पण त्या बुडण्याला जे फळ यायचं, ते आलं नाही. आपले कष्ट वाया जातात, पैसे वाया जातात. इथे पाप वाया गेलंय! कृपा म्हणजे काय, हे मला या एका क्रियापदात कळलं. शिवाय तो पैलतीराला नाही लागला, ऐलथडीलाच आला. म्हणजे याच काठावर, याच देहात, त्याच माणसांत परत.

मग त्यानं ज्यांचं वाईट केलं, त्यांचं काय? हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतं, आणि विचारायलाच हवा. पुढची ओवी बघा, ‘अनुतापतीर्थीं न्हाला’. काशीला जायला गाडी आहे, या तीर्थाला नाही. आपण काय केलं ते उघड्या डोळ्यांनी बघणं, हेच तिथलं पाणी, आणि ते अंगाला झोंबतं. ती आंघोळ झाल्यावर तो ‘मजआंतु आला’. ‘मजकडे’ नव्हे. देवाच्या दारात नाही उभा राहिला, देवातच शिरला. आता जुना माणूस शोधायचा कुठे?

हे सांगणारा कोण होता? शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. स्थळ नेवासे. परंपरेच्या हिशेबानं वय पंधरा-सोळा. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेलं घर. आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि त्यांनी नदीत देह टाकला, असं परंपरा सांगते. ते पाण्यातून परत आले नाहीत.

त्या घरातला मुलगा पुराचा दाखला देतो, बुडालेला माणूस काठावर आणतो, आणि त्या दुराचाऱ्याबद्दल पुढच्याच ओवीत म्हणतो, ‘पवित्र तयाचेंचि कुळ’.