शून्य आरपीएम, तरी पंखा फिरतोय

(दृश्य: कॉम्प्युटरची उघडी कॅबिनेट, फिरणारा पंखा. शेजारच्या टर्मिनलवर फॅन १ समोर शून्य आणि ‘अलार्म’.)

पंखा फिरताना दिसतोय, हाताला वाराही लागतोय. स्क्रीन म्हणते, शून्य आरपीएम, म्हणजे मिनिटाला शून्य फेऱ्या. अशा वेळी लोक पंखा बदलून मोकळे होतात. नवा पंखा बसतो आणि स्क्रीन पुन्हा शून्यच दाखवते.

(दृश्य: पंख्याच्या तीन तारा, जवळून.)

तिसरी तार वेगाची. बहुतेक पंखे एका फेरीला दोन पल्स देतात. मदरबोर्डवरची मॉनिटरिंग चिप त्यावरून एक फेरी किती वेळात पूर्ण झाली ते मोजते. एलएम ७८ आणि तिच्या वळणाच्या चिपमध्ये त्यासाठी सेकंदाला २२,५०० ठोक्यांचं घड्याळ असतं. म्हणजे पंखा जितका सावकाश, तितके फेरीमागचे ठोके जास्त.

आणि घोळ होतो तो इथेच. ठोके मोजणारा काउंटर आठ बिटांचा, २५५ च्या पुढे जाऊच शकत नाही. १,२०० आरपीएमच्या शांत पंख्याची एक फेरी होईपर्यंत १,१२५ ठोके पडतात. म्हणून डिव्हायझर असतो, म्हणजे ठोक्यांना भागणारा आकडा. तो २ ठेवला तर ५६२, ४ ठेवला तर २८१. दोन्ही काउंटरच्या बाहेर. ८ ठेवला की १४०, आणि आकडा उमटतो. काउंटर २५५ वर अडकला की ड्रायव्हर, म्हणजे चिप वाचणारं सॉफ्टवेअर, त्याचा अर्थ ‘शून्य आरपीएम’ असा लावतो. बिचाऱ्याला दुसरं काही कळायला मार्गच नाही.

मग डिव्हायझर कायमचा मोठाच का ठेवू नये? कारण वेगवान पंख्याचं माप त्यात ढोबळ होतं. पाच हजारांच्या आसपास, डिव्हायझर ८ असताना, एका ठोक्याचा फरक म्हणजे जवळपास दीडशे आरपीएमची उडी.

(दृश्य: सेन्सर्सची कॉन्फिग फाइल, डिव्हायझर आणि मर्यादा लिहायची जागा.)

आता किमान मर्यादा, म्हणजे ज्या वेगाखाली अलार्म लागतो ती. चिप तीही आरपीएममध्ये नाही, ठोक्यांतच साठवते. डिव्हायझर २ असताना ३,००० ची मर्यादा म्हणजे २२५. तोच २२५ डिव्हायझर ८ झाल्यावर ७५० आरपीएम ठरतो. काही ड्रायव्हर मर्यादा आपणहून जुळवून घेतात. तरी फाइलमध्ये आधी डिव्हायझर, मग मर्यादा, हाच क्रम ठेवलेला बरा. मर्यादा पंख्याच्या सर्वांत कमी नेहमीच्या वेगाच्याही बरीच खाली असावी.

सगळं जुळवल्यावरही पहिल्याच वाचनात ‘अलार्म’ दिसला तर लगेच फाइल उघडू नका. बऱ्याच चिप अलार्म धरून ठेवतात आणि वाचल्यावरच सोडतात. ड्रायव्हरही मधल्या काळात जुनंच वाचन देत असतो. दोन-तीन सेकंद थांबून पुन्हा वाचा.

रिकाम्या हेडरचा, म्हणजे मदरबोर्डवर पंखा जोडायच्या रिकाम्या जागेचा, अलार्म तर निव्वळ वैताग. तिथे पंखाच नाही, मग शून्यच येणार. तो सेन्सर फाइलमध्ये ‘इग्नोर’ करून टाका.

(दृश्य: तीन तारांचा आणि चार तारांचा पंखा, शेजारी-शेजारी.)

आकडा स्थिर न राहता वेडावाकडा उड्या मारत असेल, तर तारा मोजा. तीन तारांच्या पंख्याचा वेग वीज तोडून-जोडून कमी केला, की वेगाचा सिग्नलही त्याबरोबर तुटतो. चार तारांच्या पंख्यात वीज अखंड असते आणि नियंत्रण वेगळ्या तारेवरून जातं. तीन तारांचाच ठेवायचा असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, त्या हेडरला पीडब्ल्यूएमऐवजी (वीज तोडून-जोडून होणाऱ्या नियंत्रणाऐवजी) व्होल्टेज नियंत्रण मिळतं का ते बघा. नसेल तर पूर्ण वेगाने चालवून एकदा वाचन घ्या. तेव्हा आकडा स्थिरावला, तर पंखा ठीक आहे.